बहिणीचं नाव इतर हक्कात

विधानसभेची निवडणूक लागली की मी आमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची शपथपत्रं वाचून काढते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती कुणालाही बघता येतात. नमुना २६ म्हणतात त्याला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेल्या निकालामुळे उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, शिक्षण, मालमत्ता, कर्ज असं सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. वर्तमानपत्रं त्यातले गुन्हे मोजतात आणि कोटींचे आकडे छापतात. मी शेतजमिनीच्या रकान्यापाशी थांबते. तिथे गट नंबर असतो, क्षेत्र असतं, आणि त्याखाली एक प्रश्न असतो: मालमत्ता वारसाहक्काने मिळाली आहे काय? होय की नाही?

आमच्या तालुक्यातल्या शेतकरी घरांतले उमेदवार बहुतेक 'होय' लिहितात. वारसा आला म्हणजे वडील वारले. वडील वारले तेव्हा मागे आई असेल, भाऊ असतील, बहिणीही असतीलच. शपथपत्रात उमेदवाराच्या वाट्याची जमीन दिसते, कधी भावाबरोबरची सामाईक दिसते. बहिणीच्या हिश्शाचं काय झालं, हे विचारणारा रकाना त्यात नाही. म्हणून तो प्रश्न समोर बसलेल्या माणसांनी विचारायला हवा, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. २०२४ च्या निवडणुकीत तो आमच्याकडे खरंच विचारला गेला.

ती निवडणूक बहिणींची होती असं सगळेच म्हणाले. मतदान २० नोव्हेंबरला होतं. अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपत होती आणि भाऊबीज आली होती ३ तारखेला. प्रचाराची गाडी वस्तीवर थांबली की बायका औक्षणाचं ताट घेऊन पुढे यायच्या, उमेदवार डोक्यावरची टोपी सारखी करून कपाळ पुढे करायचा आणि कुणीतरी मोबाइलवर ते टिपायचं. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १,५०० रुपये ऑगस्टपासून खात्यात जमा व्हायला लागले होते. सत्ताधारी महायुतीने ते २,१०० करायचं वचन दिलं, महाविकास आघाडीने ३,००० देऊ म्हणून सांगितलं. सभा कुठल्याही पक्षाची असो, भाषण बहिणीवर येऊन थांबायचं.

या पैशांबद्दल नाक मुरडणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आणि मला त्यांचा राग येतो. आमच्या मळ्याशेजारच्या वस्तीवर एक बाई आहे. साठीला टेकलेली, उभा जन्म भांगलणीत गेलेला. तिने पासबुकावर नोंद मारून आणली आणि येता येता औषधाच्या दुकानातून रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. गोळ्यांसाठी मुलाकडे हात पसरावा लागला नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून रुपया कधी पडला नाही तिच्यासाठी ही रक्कम मोठी आहे, आणि तिला ती मिळाली याचा मला आनंद आहे.

तरीही एक गोष्ट मनातून जात नव्हती. योजना हा शासनाचा निर्णय आहे. तो एका कागदाने येतो आणि दुसऱ्या कागदाने त्याच्या अटी बदलतात. याच योजनेत सुरुवातीला पाच एकरांहून जास्त शेती असलेल्या कुटुंबातल्या बाईला अपात्र ठरवणारी अट होती, ती काही दिवसांतच काढून टाकली. जमिनीतल्या लेकीच्या हिश्शाचं तसं नाही. तो कायदा आहे, आणि ज्या विधानसभेत जाण्यासाठी हे सगळे उमेदवार ओवाळून घेत होते त्याच विधानसभेने तो १९९४ मध्ये केला होता. त्याबद्दल अख्ख्या प्रचारात एक शब्द कुणी काढला नाही.

हा कायदा आता विस्मरणात गेला आहे, कारण २००५ मध्ये केंद्राने साऱ्या देशासाठी तसाच बदल केला. पण केंद्राच्या आधी तो महाराष्ट्राने केला. वारसा हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यावर राज्यालाही कायदा करता येतो. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढे १९५६ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला, पण त्यात वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेवर जन्मापासूनचा हक्क मुलालाच राहिला. मुलीला मिळायचा तो वडिलांच्या हिश्शातला हिस्सा. दोन भाऊ आणि एक बहीण असतील तर आधी वडील आणि दोन मुलगे असे तीन वाटे धरायचे, आणि मग वडिलांच्या त्या एका वाट्यात सगळ्या वारसांबरोबर तिने रांगेत उभं राहायचं. आई हयात असेल तर तिचाही वाटा धरून चार वाटे व्हायचे, आणि मुलीच्या पदरात पडायचा एकूण जमिनीचा सोळावा भाग. आंध्र आणि तमिळनाडूने हे आधी बदललं. महाराष्ट्रात शरद पवार मुख्यमंत्री असताना २२ जून १९९४ पासून मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची वाटेकरी, झाली. राज्याचं पहिलं महिला धोरणही त्याच वर्षातलं.

मात्र त्या कायद्यात एक रेघ ओढलेली होती. २२ जून १९९४ च्या आधी जिचं लग्न झालं तिला हा हक्क नाही. ती रेघ आमच्या घराच्या मधोमध गेली. ताईचं लग्न १९९२ चं, माझं १९९७ चं. एकाच आईच्या पोटच्या, एकाच शाळेत गेलेल्या, एकाच विहिरीवर पोहायला शिकलेल्या आम्ही दोघी. कायद्याने मी भावाच्या बरोबरीला आले आणि ताई बाहेर राहिली. तिने मला विचारलं होतं, "म्हणजे दोन वर्षं थांबले असते तर मी घरची झाले असते का गं?" २००५ च्या केंद्रीय कायद्याने ही रेघ पुसली आणि विवाहित मुलीही आत आल्या. त्यानंतरही वडील तेव्हा हयात असले पाहिजेत की नाही यावर न्यायालयांत पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात निकाल दिला: हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची अट नाही.

ताईला त्याचा उपयोग झाला नाही. तिने २००३ मध्येच हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, सही केली होती.

ते कसं होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. वडील वारले की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नावं लागतात, फेरफार निघतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. मग सात-बारावर नावं चढतात. आमच्याकडे मुलांची आणि आईची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात लागली आणि आम्हा दोघींची 'इतर हक्क' या रकान्यात. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, विहिरीतला पाण्याचा हिस्सा असतो, पाइपलाइनची नोंद असते. गावोगावचे जुने उतारे काढून पाहिले की लेकींची नावं अशीच सापडतात. मग कधीतरी भावाला कर्ज काढायचं असतं, नाहीतर वाटणी करायची असते, आणि बहिणींना बोलावणं येतं.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लिंबाखाली दस्त लिहिणाऱ्याचं टेबल होतं. मजकूर तयारच असतो, नावं आणि गट नंबर तेवढे बदलायचे. 'मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला' हे शब्द आधीच टंकलेले असतात. आत ताईचा फोटो काढला, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. साहेबांनी विचारलं, "सही तुमचीच ना?" ती हो म्हणाली. भाऊ तिच्या उजव्या हाताला उभा होता आणि मेहुणे दाराशी. नंतर सगळ्यांनी हॉटेलात जेवण केलं आणि भावाने ताईला साडी घेतली. साडी चांगली होती. तो वाईट माणूस नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे. त्याने वडिलांचं दुखणं काढलं, आईला अखेरपर्यंत सांभाळलं. बहिणीचा हिस्सा ही वस्तूच त्याच्या मनात नव्हती, तशी ती गावातल्या कुणाच्याच मनात नव्हती.

मी सही केली नाही. माझं नाव अजून इतर हक्कात आहे. त्या दिवशी मी गेलेच नाही आणि पुढे बरीच वर्षं माहेरची वाट जड झाली. आईचा फोन यायचा, तोही दुपारी, घरात कुणी नसताना. आता भाऊ बोलतो, भाची माझ्याकडे शिकायला राहून गेली. जमिनीचा विषय मात्र आमच्यात निघत नाही.

आता त्या सभेकडे येते. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, महिला मंडळ आणि दोन निवृत्त वकील यांनी मिळून सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवायचं ठरवलं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची परवानगी काढली. मंगल कार्यालयाचं भाडं कुणाच्या खर्चात धरायचं यावर दोन दिवस खल झाला, कारण विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा असते आणि प्रत्येकाचे लोक दुसऱ्याच्या खर्चावर डोळा ठेवून असतात. शेवटी ते वाचनालयाने भरलं. आचारसंहितेच्या पथकाचा कॅमेरावाला कोपऱ्यात तिवईवर कॅमेरा लावून बसला होता. दोन मोठ्या उमेदवारांपैकी एक स्वतः आले, दुसऱ्यांनी धाकट्या भावाला पाठवलं. तिसऱ्या एका पक्षाच्या उमेदवार बाई आल्या. एक तरुण अपक्ष आला. बाकीचे फिरकले नाहीत.

पहिला तास ठरल्यासारखा गेला. रस्ता, उसाचा दर, उपसा सिंचनाचं पाणी, एस.टी. स्टँड. मग एका मुलाने मराठा आरक्षणावर चिठ्ठी दिली आणि सभागृहात कुजबुज थांबली. व्यासपीठावरच्या प्रत्येकाने एकच शब्द वापरला: टिकणारं आरक्षण. २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ ला रद्द केला, फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने दहा टक्क्यांचा नवा कायदा एकमताने केला, हे सगळ्यांना पाठ होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या इंद्रा साहनी निकालातली आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा कशी ओलांडणार, हे त्या मुलाने उभं राहून पुन्हा विचारलं. त्यावर "वरिष्ठ पातळीवर प्रयत्न सुरू आहेत" यापलीकडे कुणी गेलं नाही. तो मुलगा चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा होता. ज्याचं अख्खं आयुष्य त्या उत्तरावर अडलंय त्याला हे ऐकवणं मला क्रूरपणाचं वाटलं.

त्यानंतर कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी उठली. तिने चिठ्ठी लिहिली नव्हती. हातात शपथपत्रांच्या झेरॉक्स होत्या, जागोजागी पेन्सिलीने खुणा केलेल्या. ती म्हणाली, "तुमच्यापैकी ज्यांनी शेतजमीन वारसाने मिळाली असं लिहिलंय, त्यांना बहिणी आहेत का? असतील तर त्यांची नावं आज सात-बारावर आहेत का? असली तर कब्जेदार म्हणून आहेत की इतर हक्कात?"

मागच्या रांगेतल्या बायका हसल्या, मग एकदम गप्प झाल्या.

मोठ्या उमेदवारांनी माइक जवळ ओढला. त्यांना तीन बहिणी. "आमच्या बहिणींनी राजीखुशीने सोडलंय. एकीनेही कधी मागितलं नाही. दर दिवाळीला आम्ही त्यांना न मागता देतो." त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. दुसऱ्यांचे भाऊ म्हणाले, "ताई, हा घरगुती विषय आहे. निवडणुकीचा नाही. आमदार काय तुमच्या घरात येऊन वाटण्या करणार आहे का?" टाळ्या पडल्या. पुरुषांकडून जास्त, पण बायकांकडूनही.

हा निवडणुकीचा विषय नाही, हे वाक्य मला तेव्हापासून छळतं आहे. मग निवडणुकीचा विषय कुठला? याच महाराष्ट्रात १९३७ ची मुंबई प्रांताची निवडणूक झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कोकणातली खोती, म्हणजे कुळांकडून वसुली करणाऱ्या खोतांची वतनदारी, घालवण्याचं वचन देऊन मतं मागितली. खोताने कुळाच्या पडवीत येऊन माप घालायचं आणि काय उरवायचं ते ठरवायचं, हाही तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाजच होता. निवडून गेल्यावर त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी खोती निर्मूलनाचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. अलिबागजवळ चरीच्या कुळांचा संप १९३३ पासून चालू होता, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, खोती कायद्याने जायला १९४९ उजाडलं. पण मत देताना त्या कुळाला माहीत होतं की आपला माणूस आत गेल्यावर कशासाठी उभा राहणार आहे. जमीन कुणाच्या नावावर असावी यापेक्षा मोठा निवडणुकीचा विषय शेतकरी मुलखात दुसरा असूच शकत नाही.

तरुण अपक्षाची पाळी आली. तो म्हणाला, "माझ्या शपथपत्रात शेतजमीन 'निरंक' आहे. आमची तिसरी पिढी गायरानात राहते. घराखालची जागासुद्धा नावावर नाही. मला दोन बहिणी आहेत. त्यांना कशातला हिस्सा देऊ?" तो हे रागाने बोलला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. मी त्या प्रश्नाच्या बाजूने मनातल्या मनात टाळ्या वाजवत बसले होते आणि या मुलाने एका वाक्यात दाखवलं की तो प्रश्न अर्ध्या तालुक्याला लागूच होत नाही. ज्यांच्या घरात वाटायला काही नाही त्यांच्या लेकींचा हिस्सा सरकारी जमिनीत आहे, घरकुलाच्या जागेत आहे, गायरानाच्या पट्ट्यात आहे. तिथे तरी नवरा-बायको दोघांची नावं लागतात की नाही, हे बघणं कायदे करणाऱ्याचं काम आहे. त्या मुलाने ते तसं मांडलं नाही. पण त्याच्या उत्तराने मला तिथवर नेलं.

उमेदवार बाई सगळ्यांत शेवटी बोलल्या. वयाने माझ्याएवढ्या, बाजार समितीवर निवडून आलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांनी माइक घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. "मी सोडलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरचं शेत बागायती आहे. माझ्या वाटणीला साडेतीन एकर येत होतं. माहेर तुटू नये म्हणून सही केली. आणि आज माझ्या प्रचाराला माझा भाऊ आलेला नाही." एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला मत द्या, देऊ नका. पण घरी जाऊन उतारा काढून बघा."

सभागृहात टाळी वाजली नाही. माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून बसली होती.

माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, ती मी भोगली आहे. सासरी कमीजास्त झालं तर बाईला परत यायला एक दार असतं, आणि त्या दाराची किल्ली भावाच्या हातात असते. ती किल्ली राखण्यासाठी बाई एकरांवर पाणी सोडते. कायदा या हिशेबात उशिरा पोचतो, पण पोचतच नाही असं मात्र मी मानणार नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखांवर बायका जमल्या होत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीचं ऋण माना आणि जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांतून शेतकऱ्यांनी ते केलं. कोर्ट नाही, खटला नाही. भर सभेत माणसं उठून सांगत होती की मी अमुक एकर बायकोच्या नावावर केलं. १९९२ मध्ये पत्नीचं नाव सात-बारावर लावण्यासाठी सरकारनेही लक्ष्मीमुक्ती नावाने निर्णय काढला. ही गोष्ट बायकोबद्दलची होती. बहिणीबद्दल असं आंदोलन झाल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण उघड आहे. बायकोच्या नावावर गेलेली जमीन घरातच राहते, बहिणीच्या नावावर गेलेली दुसऱ्या घरात जाते. पण हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. प्रत्येक घरातून बहीण बाहेर जाते तशी प्रत्येक घरात कुणाची तरी बहीण आत आलेली असते. तिच्याबरोबर तिचा तुकडा आला असता तर भावाला आपल्या बहिणीचा तुकडा देणं इतकं जड गेलं नसतं. सगळ्यांनी एकदम केलं तर कुणाचंच फारसं कमी होत नाही. सगळ्यांनी एकदम करण्याच्या गोष्टी घराघरांवर सोडून होत नाहीत. त्यासाठीच विधानसभा असते.

सभेत मोठे उमेदवार शेवटी म्हणाले की कायदा तर आता केंद्राचा आहे, आमदार त्यात काय करणार. त्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या निवृत्त वकिलांनी त्यांना थांबवलं, आणि त्या संध्याकाळची सगळ्यांत कामाची पाच मिनिटं ती होती. वारशाचा कायदा केंद्राचा असला तरी सात-बारा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालतो आणि ती १९६६ ची संहिता राज्याची आहे. मुद्रांकाचे दर राज्य ठरवतं. निबंधक कार्यालय राज्य चालवतं. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोड नाममात्र मुद्रांकावर होतं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दर वाढला तरी तो ५०० रुपये होता. "म्हणजे बहिणीचा पन्नास लाखांचा हिस्सा पाचशे रुपयांत सुटतो," ते म्हणाले. "हे दर तुमच्या सभागृहात ठरतात. तुम्ही यात काही बदल सुचवाल का? हो की नाही?" उमेदवार म्हणाले, पक्षाची भूमिका बघून सांगतो. मला त्यांची पूर्ण चूक वाटली नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश (व्हिप) निघाला की आमदाराचा हात तिकडेच वर होतो. पण पक्षादेश मतदानाला असतो. प्रश्न विचारायला, अशासकीय विधेयक मांडायला कुठल्याच पक्षाने कुणाचे हात बांधलेले नाहीत.

निकाल २३ नोव्हेंबरला लागला. आमच्याकडे मोठ्या दोघांपैकी एक निवडून आले, बाईंची अनामत गेली. राज्यभरात २८८ जागांवर २१ बायका निवडून आल्या, आधीच्या विधानसभेत २४ होत्या. बहिणींच्या नावाने लढल्या गेलेल्या निवडणुकीत बहिणी तीनने कमी झाल्या, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

सभेनंतर आम्ही गप्प बसलो नाही. नागपूर अधिवेशनाच्या आधी महिला मंडळाने नव्या आमदारांना निवेदन दिलं. मसुदा त्या कायद्याच्या विद्यार्थिनीने लिहिला आणि वकिलांनी तपासला. पहिली मागणी अशी की वारस नोंदीत मुलींची नावं मुलांबरोबर कब्जेदार सदरीच लागावीत आणि इतर हक्कात पडून असलेली जुनी नावं अर्जाची वाट न बघता वर घ्यावीत. दुसरी मागणी माझ्या मनाच्या जवळची आहे. हक्कसोड पत्र नोंदवताना दुय्यम निबंधकाने त्या बाईला एकटीला आत बसवून विचारावं. सोडत असलेल्या हिश्शाची शीघ्रसिद्धगणकाप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे होणारी किंमत दस्तावर आकड्यात आणि अक्षरात लिहावी, तिला ती वाचून दाखवावी, आणि सहीनंतर काही दिवस तिला मन बदलायची मुभा असावी. ताईला त्या दिवशी कुणी नुसता आकडा जरी सांगितला असता तरी कदाचित तिने सहीच केली असती. पण आपण काय सोडतोय हे तिला कळलं असतं आणि भावालाही कळलं असतं.

तिसरी मागणी मुद्रांकाची, आणि तिच्यावर आमच्यातच भांडण आहे. विद्यार्थिनीचं म्हणणं, बहिणीने भावाला विनामोबदला सोडलेल्या हिश्शावर बाजारभावाने शुल्क लावा, म्हणजे सोडायला लावणं महाग पडेल. वकील म्हणतात, मग लोक नोंदणीच टाळतील, घरच्या घरी कागद करतील आणि बहिणीचे आणखी हाल होतील. मंडळातल्या एका बाईंनी तिसरीच बाजू मांडली. त्यांच्या भावाच्या जमिनीवर कर्जाचा डोंगर आहे, त्यांना खरोखर मनापासून हिस्सा सोडायचा आहे, आणि त्यांनी त्यासाठी लाखभर रुपये कुठून आणायचे? मला विद्यार्थिनीचं पटतं, पण या बाईंना द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही. आमदारांनी निवेदन घेतलं आणि "लेखी दिलंत ते बरं केलंत, महसूल विभागाकडे पाठवतो" असं म्हणाले. निवेदनात तिसरी मागणी आम्ही कंसात ठेवली आहे. पुढच्या बैठकीत तिच्यावर मतदान घ्यायचं ठरलंय, आणि या वेळी ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्या बायकांनाही बोलावलंय.